कारखान्याचा को-जन आता कोळशावरही? सभेच्या आधी जरा बोलूया

प्रयागकाठ

नमस्कार मंडळी. साखर कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातला आहे आणि नदीकाठचा आहे, एवढं पुरे. (जिल्ह्यातले बहुतेक नदीकाठचेच, त्यामुळे ओळखत बसू नका.)

यंदाच्या वार्षिक सभेचा अहवाल घरी आला. नफावाटणी, लेखापरीक्षकांची नेमणूक असले नेहमीचे विषय झाल्यावर मागच्या पानावर एक विषय आहे: सहवीज प्रकल्पात (को-जन, म्हणजे कारखान्याच्याच वाफेवर वीज करणारा) २० मेगावॅटचा वाढीव संच बसवणे आणि बिगरहंगामात पूरक इंधन म्हणून कोळसा वापरण्यास मान्यता देणे. दोन ओळी. किती कोळसा, किती महिने, राख कुठं टाकणार, पाणी कुठलं उचलणार, काहीही नाही. खर्चाचा आकडा मात्र आहे.

हंगामात बगॅस (रस काढल्यावर उरलेलं चिपाड) जाळून वीज करतात, त्याला माझी हरकत नाही. टनभर ऊस गाळला की २८० ते ३०० किलो बगॅस निघतं, ते बॉयलरला गेलं तर चांगलंच. पण गाळप मार्चमध्ये आटोपल्यावर पुढं सहा-सात महिने आपल्या गावाशेजारी कोळशाचं वीजघर चालणार असेल, तर ते 'मंजूर, मंजूर'च्या गलक्यात पास होऊ नये असं वाटतं. आपल्याकडच्या सभा कशा होतात ते सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या रांगेतून आवाज उठतो आणि माईक मागे पोचेपर्यंत विषय संपलेला असतो.

इथं वीज क्षेत्रातले, शेतीतले, कायद्यातले लोक आहेत. सभासदानं नेमकं काय विचारावं, हे ठरवायला मदत करा. राजकारण नको.

रंकाळा_कट्टा

पहिलाच प्रतिसाद माझा, त्यामुळे मिसळ तुमच्याकडं लागू.

मला एक कळत नाही. शेजारी कोयनेवर १९६० मेगावॅट वीज तयार होते. राधानगरीला शाहू महाराजांच्या धरणावर पाण्यावरची वीज. मग आम्ही चंद्रपूरहून कोळसा आणून काय जाळायचा? उलट्या गंगा!

वाफेचा_माणूस

रंकाळाभाऊ, कोयना बारा महिने चोवीस तास फिरवता येत नाही. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादानं ६७.५ टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) बांधलंय. म्हणून ती वीज संध्याकाळी मागणी चढते तेव्हासाठी राखून वापरतात. तेव्हा कोयना आहे म्हणून बाकी काही नको, असं होत नाही.

आता मूळ विषय. मी साखर कारखान्यांच्या बॉयलरवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो. आकडे ठोकताळ्याचे आहेत, पण सभेत विचारायला पुरतील.

आजकालचे उच्चदाबाचे बॉयलर दोन्ही इंधनं घेतात. सरकती जाळी असते, तिच्यावर बगॅस टाका नाहीतर कोळसा. पण असले लहान संच मोठ्या औष्णिक केंद्रांपेक्षा खादाड असतात. ६६० मेगावॅटच्या नव्या संचाला युनिटमागे ६००-७०० ग्रॅम कोळसा लागत असेल, तर इथं साधा देशी कोळसा किमान ९०० ग्रॅम धरा. २० मेगावॅट म्हणजे तासाला २०,००० युनिट, म्हणजे तासाला १८ टन, दिवसाला सुमारे ४३० टन. २५ टनी ट्रक धरले तर रोज १७-१८ भरलेले येणार आणि तितकेच रिकामे जाणार. पाच महिने चालवलं तर जवळजवळ ६५,००० टन.

राखेचं गणित लोकांच्या लक्षात येत नाही. बगॅसमध्ये राख दीड-दोन टक्के, आपल्या देशी कोळशात ३० ते ४५ टक्के. तेवढीच उष्णता काढायची तर कोळशाची राख बगॅसच्या साधारण दहापट निघते. ३५ टक्के धरले तरी दिवसाला १५० टन. धुराड्याआधी राख पकडणारं यंत्र, म्हणजे ईएसपी, बगॅसचा हिशेब करून बसवलेलं असेल तर कोळशावर ते पुरं पडणार नाही. त्यामुळे ईएसपीची क्षमता कोणत्या इंधनावर काढली आहे, हा पहिला प्रश्न विचारा. उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच निम्मं कळेल.

आणि पाणी. हंगामात कारखाना नदीतून तसं कमी पाणी घेतो, कारण उसातच ७० टक्के पाणी असतं. रस आटवताना त्याची वाफ होते, ती थंड करून तेच पाणी पुन्हा फिरतं. बिगरहंगामात ऊस नाही, म्हणजे ते पाणीही नाही. टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड करायला जे लागेल ते सगळं नदीतून. मोठ्या नव्या केंद्रांना मेगावॅट-तासाला ३ घनमीटरची मर्यादा आहे. तीच इथं धरली तरी दिवसाला १४ लाख लिटरच्या वर जातं.

चुलवाण

साहेब, तुमचं गणित वाचलं. सगळं नाही कळलं, पण पाण्याचं कळलं.

एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडं उपसाबंदीचे दिवस. पाटबंधारेवाले पाळ्या लावतात, मोटरी बंद. बंधाऱ्यात बरगे घालून जेवढं अडतंय तेवढ्यावर ऊस जगवायचा. खोडवा वाळत असतोय, आम्ही काठावर बसून बघत असतोय. अशात कारखान्याच्या जॅकवेलला, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीला, बंदी लागू होणार काय? का त्यांना सूट? एवढंच विचारायचं आहे मला सभेत. बाकी राख-बिख तुम्ही शिकलेली माणसं विचारा.

आमच्या गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडाशिवाय काय घातलं नाही कधी. मध्यंतरी काहींनी टायरी, प्लास्टिक जाळायला सुरू केलं, आसपासची माणसं खोकून बेजार. जळण बदललं की धूर बदलतोय.

ऊसकरी

धागाकर्ते 'राजकारण नको' म्हणतात आणि सुरुवातच सभेवरून करतात. निवडणूक जवळ आली की असे धागे निघतात, चालू द्या.

दुसरी बाजूही ऐका. एफआरपी (उसाचा केंद्रानं ठरवलेला किमान दर) एकरकमी पाहिजे, वर शंभर-दोनशे जादा पाहिजेत, आंदोलनं पाहिजेत. पैसे आणायचे कुठून? साखरेचा दर कारखान्याच्या हातात नाही. को-जनवर कोट्यवधींचं कर्ज असतं, बँकेचा हप्ता बारा महिने चालतो आणि टर्बाइन सहा महिने झाकून ठेवायचं. कुठल्या धंद्यात असं चालतं? ट्रॅक्टर घेतला आणि वर्षातून सहा महिने गोठ्यात उभा केला, तर तुम्ही हप्ता कसा भराल?

प्रयागकाठ

ऊसकरी दादा, मुद्दा रास्त आहे. म्हणूनच हिशेब मागतोय. वाफेच्या साहेबांचे ९०० ग्रॅम घेतले आणि कोळसा कारखान्याच्या दारात किलोला ६ रुपयांना पडतो असं समजलं, तर नुसत्या इंधनाचेच युनिटमागे ५ रुपये ४० पैसे झाले. वर माणसं, देखभाल, राख उचलायचा खर्च, व्याज. जुन्या वीज करारांत सहा रुपयांच्या वर दर होते. ते संपल्यावर नव्या बोलीत दर खाली आले. मग वीज विकायची कितीला? ट्रॅक्टर उभा ठेवून हप्ता अंगावर येतो हे खरं, पण डिझेलला भाड्यापेक्षा जास्त लागत असेल तर तो बाहेर काढून हप्ता फिटत नाही.

कोळशाचा माझा दर चूक असेल. बरोबर दर अहवालात छापा, एवढंच म्हणणं आहे.

गोकुळ_शिरगावकर

फाउंड्री आहे माझी, छोटी. इंडक्शन फर्नेसवर काम. आमच्या धंद्यात कच्च्या मालानंतर विजेचंच बिल मोठं. कर्नाटकात वीज स्वस्त पडते म्हणून इथले उद्योजक निपाणीच्या पलीकडं जायची भाषा किती वेळा बोलले, ते पेपरात वाचलं असेलच. कारखान्यानं ओपन ॲक्सेसनं (महावितरणच्या तारा वापरून थेट ग्राहकाला) शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित वसाहतीला वीज दिली तर घेणारे आहेत. रात्रपाळीला फर्नेस चालू असताना सोलर काय कामाचं?

कोळसा वाईट, मान्य. पण महावितरणच्या तारेतून येणारी वीज तरी कुठून येते? चंद्रपूर, कोराडी, परळी. तिथल्या लोकांनी राख खायची आणि आपण हात झटकायचे, हेही काही बरोबर नाही.

चटणीभाकरी

सोलापूरकर आहे, कामानिमित्त कोल्हापुरात. शिरगावकरांचा शेवटचा मुद्दा पटला. आमच्या इथं दोन ६६० चे संच आहेत, १३२० मेगावॅट, पाणी उजनीचं. उजनीवर आधीच किती जणांचा डोळा आहे ते सांगायला नको. परळीचं केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा होता, माणसं होती, पाणी नव्हतं. आणि कोराडीला जुलै २०२२ मध्ये राखेच्या तलावाचा बांध फुटून राखमिश्रित पाणी शेतांत शिरलं.

२० मेगावॅटची तुलना त्यांच्याशी होत नाही, कबूल. पण मोठ्या केंद्राला निदान राखेचा तलाव असतो, देखरेख असते, बातमी होते. लहान कारखान्याची राख ट्रॉलीनं कुठल्या ओढ्यात गेली ते कोण बघतो? परळीत बघा, राखेच्या वाहतुकीचा वेगळाच धंदा उभा राहिला आणि रस्त्याकडेच्या गावांना धुळीत जगावं लागलं.

काठावरची_शिक्षिका

मी शिरोळ तालुक्यातली. आमच्याकडं पंचगंगा, कृष्णा, दूधगंगा, वारणा सगळ्यांचं पाणी येऊन मिळतं, त्यामुळे वर कुणीही काहीही केलं तरी शेवटी आमच्या दारात येतं. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हापासून नदी म्हटलं की आम्ही दचकतो.

एक गोष्ट कुणी बोललं नाही. बिगरहंगाम म्हणजे नुसता उन्हाळा नव्हे, त्यात पावसाळाही आला. एप्रिल-मे-जूनमध्ये कोळसा जाळला तर त्याची राख जुलै-ऑगस्टमध्ये कुठं असेल? कारखान्याच्या आवारात ढीग करून. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं काय होतं, ते २०१९ आणि २०२१ ला सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या आसपास गेलं. नदीकाठच्या कारखान्यांच्या आवारात पाणी शिरायला कितीसा वेळ?

बगॅसची राख शेतकरी हौसेनं नेतात, शेतात टाकतात. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसं, पारा असले जड धातू असतात. ती पुराबरोबर पसरली, की कुणाच्या शेतात किती गेली ते सांगता येणार नाही. त्यामुळे माझा प्रश्न: राखेची जागा निळ्या पूररेषेच्या (सरकारी नकाशावरच्या पुराच्या हद्दीच्या) आत आहे की बाहेर? नकाशावर दाखवा. तोंडी उत्तर नको.

रंकाळा_कट्टा

ताई, हा मुद्दा खरंच डोक्यात नव्हता. उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून भांडण, पावसाळ्यात पाणी आलं म्हणून भांडण, आणि कोळसा बरोब्बर दोन्हींच्या मध्ये.

अवांतर: कोळसा येणार कुठून? रेल्वेनं मिरजेहून एकेरी मार्गावर, का जयगड बंदरातून ट्रकनं आंबा घाट चढून? घाट असेल तर देवा! पावसाळ्यात दरड, उन्हाळ्यात कोळशाचे ट्रक, आणि हंगामात ऊसाच्या ट्रॉल्या आहेतच. रस्त्याला श्वास घ्यायला एक महिना तरी ठेवा.

कलमबहाद्दर

वकिली करतो, पण हा सल्ला फुकट आहे.

पर्यावरण मंजुरीची २००६ ची अधिसूचना बघा. कोळशावरची केंद्रं ५०० मेगावॅट आणि त्यावर असतील तर केंद्राकडे, खाली असतील तर राज्याच्या प्राधिकरणाकडे, 'ब' वर्गात. 'ब'चे पुन्हा दोन भाग, आणि ब-२ मध्ये पडलं की जनसुनावणीच नाही. खेरीज १५ मेगावॅटपर्यंतच्या जैवइंधनावरच्या संचांना, कोळशासारखं साहाय्यक इंधन १५ टक्क्यांपर्यंत असेल तर, मंजुरीतून सूट आहे. म्हणून संच किती मेगावॅटचा दाखवला, इंधन कोणतं आणि किती टक्के दाखवलं, याच्यावर सगळं ठरतं. तुमचा पहिला लेखी प्रश्न हाच पाहिजे: प्रकल्प कोणत्या वर्गात दाखल केला आहे?

सुनावणी असेल तर किमान ३० दिवसांची नोटीस, त्यात एक स्थानिक भाषेतलं वर्तमानपत्र, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, सगळं चित्रित. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. उशिरा जाऊन घोषणा देण्यापेक्षा लेखी हरकत देऊन पोच घ्या.

सुनावणी नसली तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतंच. त्यात इंधनाचा तक्ता असतो: कोणतं इंधन, दिवसाला किती. कारखान्याचं सध्याचं संमतीपत्र काढून बघा. त्यात कोळसा आधीच लिहिलेला असेल तर खेळ वेगळा.

पाण्याबद्दल: राज्याच्या जलनीतीत पिण्यानंतर शेती आणि मग उद्योग असा क्रम २०११ मध्ये परत आला. चुलवाण काकांनी हे लक्षात ठेवावं. राखेबद्दल: ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत सहवीज केंद्रंही येतात आणि राखेचा पूर्ण विनियोग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तेव्हा वीटभट्टीवाल्यांशी करार झालाय का, ते विचारा.

ऊसकरी

वकीलसाहेबांनी मुद्देसूद लिहिलं, आभार. मी संचालक नाही, पण आतल्या लोकांशी बोलणं होतं. कोळसा रोज जाळायचा विचार नाही म्हणतात. बगॅस संपल्यावर करारातली उरलेली वीज द्यायची, नाहीतर दंड, तेवढ्यापुरता.

वाफेचा_माणूस

तसं असेल तर कोळशाच्या आधी वाफ वाचवा. कित्येक कारखाने अजून उसाच्या वजनाच्या ४५ टक्के आणि वर वाफ घेतात. रस आटवणाऱ्या बाष्पकांची मांडणी सुधारली तर ती ३५ च्या आसपास आणता येते. जेवढी वाफ वाचली तेवढं बगॅस शिल्लक, आणि तेच बगॅस झाकून ठेवून एप्रिलमध्ये जाळायचं. शेजारच्या को-जन नसलेल्या कारखान्याकडून विकतही मिळतं. पाचटाच्या (उसाच्या वाळल्या पाल्याच्या) गाठीही चालतात.

चुलवाण

पाचट न्हाय! पाचट रानात कुजवायचं. एवढी वर्षं कृषी खात्यानं आमच्या डोक्यात घातलं, जाळू नका म्हणून, आता कुठं माणसं ऐकायला लागलीत आणि तुम्ही ते बॉयलरात घालताय. पाचट ठेवलं तर मातीत ओल टिकती, उन्हाळ्यातल्या दोन पाळ्या वाचतात. बगॅस न्या, पाचटाला हात लावू नका.

वाफेचा_माणूस

मान्य, काका. पाचट मागं घेतलं.

गोकुळ_शिरगावकर

दंडापुरता कोळसा असेल तर २० मेगावॅटचा नवा संच कशाला? हे माझ्यासारख्या ग्राहकालाही पटत नाही. आहे तोच संच वाफ वाचवून जास्त दिवस चालवा की. बारमाही वीज मिळणार म्हणून मी वर त्यांची बाजू घेतली होती, आणि आता म्हणतात अधूनमधून. अधूनमधून मिळणाऱ्या विजेवर फर्नेस चालत नाही.

काठावरची_शिक्षिका

हाच प्रश्न सभेत शिरगावकरांसारख्या उद्योजकानं विचारला तर जास्त वजन पडेल. आम्ही विचारलं की 'यांचं नेहमीचंच' म्हणतात. पण तुम्ही सभासद नसाल ना?

गोकुळ_शिरगावकर

वडिलांच्या नावावर शेअर आहे. घरी बोलतो.

धागा_राखणदार

चर्चा छान चालली आहे, म्हणून मध्ये पडलो नाही. मात्र एक प्रतिसाद उडवला आहे, त्यात कारखान्याचं नाव आणि एका व्यक्तीवर आरोप होते. पुरावा असेल तर तो योग्य ठिकाणी द्या, इथं नको.

प्रयागकाठ

सर्वांचे आभार. अर्जाचा मसुदा केलाय, कार्यकारी संचालकांच्या नावे. सभेच्या आठवडाभर आधी देतो, म्हणजे 'वेळेवर आला नाही' म्हणता येणार नाही.

मजकूर असा: वाढीव संचाची पर्यावरण मंजुरी कोणत्या वर्गात मागितली आहे, आणि सध्याच्या संमतीपत्रात कोळसा आहे का, ते सांगावे. कोळसा वर्षाला जास्तीत जास्त किती टन व कोणत्या महिन्यांत वापरणार, तो मार्गासह कुठून येणार आणि युनिटमागे एकूण खर्च व विक्रीचा दर काय, ते अहवालाला जोडावे. उपसाबंदीच्या काळात प्रकल्पाचा उपसा बंद राहील, असे लेखी द्यावे. ईएसपीची रचना कोळशासाठी आहे का, आणि राख साठवण्याची जागा पूररेषेच्या नकाशावर कुठे येते, ते दाखवावे. वाफेची बचत करून तेवढीच वीज देता येईल का, याचा तांत्रिक अहवाल सभेपुढे ठेवावा. तोपर्यंत हा विषय स्थगित ठेवावा.

'नामंजूर' असं मुद्दाम लिहिलं नाही. उत्तरं नीट आली तर मी हातही वर करेन, पण आकडे बघता तशी उत्तरं येतील असं वाटत नाही.

ऊसकरी

'स्थगित' असेल तर माझी सही घ्या. 'नामंजूर' असतं तर दिली नसती.

कलमबहाद्दर

पोच घेताना आवक क्रमांक आणि शिक्का दोन्ही बघून घ्या. नुसती सही चालत नाही.

चुलवाण

माझं पण नाव घाल रे पोरा. उपसाबंदीचं वाक्य सगळ्यात वर घे, ते मधे दडलंय. सभासद नंबर व्यनितून (खाजगी निरोपातून) पाठवतो.